ओट्याचा दगड : पिणारा आणि खाल्ला जाणारा

सांगलीतील एका कुटुंबाने जुने घर सोडून नव्या सदनिकेत प्रवेश केला. जुन्या घरातील ओटा काळ्या कडप्प्याचा होता. चाळीस वर्षांच्या वापराने त्याची कड हाताच्या घर्षणाने गुळगुळीत झाली होती आणि त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नसे. नव्या घरात मात्र सासूबाईंच्या मनात शुभ्र संगमरवर होता. देवघराला जो दगड शोभतो तो स्वयंपाकघरालाही शोभेल, असा त्यांचा साधा हिशेब. दगड आला, बसला, चकाकला. दुकानदाराने त्यावर ‘सीलर’ नावाचे द्रव्य लावून दिले आणि आता दहा वर्षे ओट्याकडे बघावे लागणार नाही, असे आश्वासनही दिले.

वैशाखात पाहुणे आले, लिंबाचे सरबत झाले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर पेल्याच्या बुडाएवढी सात-आठ फिकट वर्तुळे दिसू लागली. फडक्याने पुसली, साबणाने धुतली, सोडा लावून घासली. वर्तुळे जागची हलेनात. दुकानदाराला बोलावले. त्याने सीलर उडाल्याचे निदान केले, पैसे घेऊन दुसरा थर दिला आणि जाताजाता, “वापर जरा जपून करा, ताई,” असे घरातील सुनेला बजावले. पुढच्या आठवड्यात आमटीसाठी कोळलेल्या चिंचेचे चार थेंब सांडले आणि तेथेही तसेच चट्टे उमटले. आता दोष कोणाचा, याविषयी घरात शंका उरली नव्हती. सासूबाई उघड काही बोलल्या नाहीत; परंतु स्वयंपाक आटोपला की त्या स्वतः फडके घेऊन ओट्यापाशी जात आणि तिरप्या उजेडात वर्तुळे मोजीत. ते मोजणे सुनेला शब्दांहून अधिक लागत असे.

अखेर पॉलिशचे काम करणारा एक वयस्क राजस्थानी कारागीर दुसऱ्याच कामासाठी त्या घरी आला. त्याने ओट्यावर तळहात फिरवला, एका वर्तुळावर नख ओढले आणि इतकेच म्हणाला, “आई, हा डाग नाही. डाग म्हणजे दगडाने काहीतरी प्यायले. इथे दगडच खाल्ला गेलाय. सीलर दगडाला प्यायचे थांबवतो, खाल्ले जाण्यापासून वाचवत नाही.”

त्या घरातील दोन महिन्यांचा ताण या चार वाक्यांत उलगडला. ओट्याच्या दगडाविषयी बहुतेक घरांत जो गोंधळ आढळतो, त्याचे मूळही येथेच आहे. दगडाला होणारी इजा दोन प्रकारची असते आणि दोहोंवरचे उपाय अगदी निराळे आहेत. एक उपाय दुसऱ्या इजेवर करीत राहिल्याने पैसा जातो, दगड जातो आणि कधीकधी घरातील एखाद्या व्यक्तीवर नाहक ठपकाही येतो.

महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत जे दगड आढळतात, त्यांची दोन कुळे मानता येतात. पहिले कुळ चुन्याचे. आंध्र प्रदेशातील कडप्पा परिसरातून येणारा काळा कडप्पा, कर्नाटकातील शहाबादची करडी फरशी, राजस्थानातील हिरवट-निळसर कोटा, ही सारी चुनखडकाची भावंडे. मकरानाचा संगमरवरही त्याच घराण्यातला. भूगर्भातील उष्णता व दाब यांनी चुनखडकाचे रूपांतर होऊन तो घडलेला असतो. या सर्वांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. दुसरे कुळ ग्रॅनाइटचे. तप्त शिलारस जमिनीखाली सावकाश थंड होऊन हा दगड बनतो आणि त्यात क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, अभ्रक अशी खनिजे असतात. कर्नाटकातील इलकलचा तांबडा, राजस्थानातील जालोरचा गुलाबी ग्रॅनाइट आपल्याकडे सर्वपरिचित आहे. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळदा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. प्रकाशम जिल्ह्यातील चिमकुर्तीचा, सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हाही त्यातलाच. परंतु ओट्यापुरते पाहिले तर त्याचे वागणे ग्रॅनाइटसारखेच, किंबहुना काकणभर अधिक चांगले असते.

या दोन कुळांतील भेद काठिण्यात आहेच. खनिजांचे काठिण्य मोजण्याच्या मोह्‌सच्या श्रेणीत कॅल्साइट ३ वर, फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्‌झ ७ वर येते. म्हणून संगमरवरावर सुरीचा ओरखडा उठतो, ग्रॅनाइटवर सहसा उठत नाही. उलट सुरीचीच धार जाते. पण स्वयंपाकघरात याहून महत्त्वाचा भेद आहे तो आंबटाशी असलेल्या वैराचा. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते. लिंबाच्या रसाचा सामू साधारण २ ते २.५ इतका खाली असतो. चिंच, कोकम, टोमॅटो, कैरी, आंबट ताक ही सारी त्याच वाटेची. असा थेंब संगमरवरावर पडला की पृष्ठभागाचा एक अतिसूक्ष्म थर विरघळतो, कर्बवायू निघून जातो आणि जेथे आरशासारखी झिलई होती तेथे मंद, खडबडीत कातडे उरते. पांढऱ्या दगडावर तो चट्टा फिकट दिसतो, काळ्या कडप्प्यावर पांढरट. दगडात बाहेरून काही शिरलेलेच नसते, त्यामुळे घासून काढण्यासारखेही काही नसते.

डाग आणि ही झीज ओळखण्याची रीत सोपी आहे. डाग मूळ दगडाहून गडद किंवा वेगळ्या रंगाचा असतो. त्यावरची झिलई मात्र शाबूत असते. झीज मूळ दगडाहून मंद असते आणि डोळे ओट्याच्या पातळीवर आणून खिडकीच्या उजेडाकडे पाहिले की तेथे प्रतिबिंब तुटलेले दिसते. बोटाच्या टोकालाही ती किंचित जाणवते. त्यावर तेलाचा हात फिरवला तर चट्टा क्षणभर नाहीसा होतो. जुन्या कडप्प्याच्या ओट्याला आठवड्यातून एकदा खोबरेल चोळण्याची जी चाल होती, तिचे रहस्य हेच. ओटा काळाभोर दिसे. पण तेल पुढे चिकट होई, त्यावर पीठ आणि धूळ बसे. ज्या घरांत कीटकनाशक फवारणे टाळले जाते त्या घरांनी तरी ही चाल सोडलेली बरी, कारण तेलाच्या वासाने मुंग्यांना ते एक प्रकारचे आमंत्रणच असते.

संगमरवर ग्रॅनाइटपेक्षा अधिक पाणी पितो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. इमारतीच्या दगडांसाठी अमेरिकेत जी प्रमाणके पाळली जातात त्यांत ग्रॅनाइटने वजनाच्या ०.४ टक्क्यांपर्यंत आणि संगमरवराने केवळ ०.२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषले तर चालते. म्हणजे चांगला संगमरवर पिण्याच्या बाबतीत ग्रॅनाइटहून अधिक संयमी ठरू शकतो. तरीही स्वयंपाकघरात आधी मान टाकतो तो संगमरवरच, कारण त्याचा शत्रू पाणी नसून आम्ल आहे. उलटपक्षी ग्रॅनाइटमध्येही सारे एकसारखे नसतात. काळे दाट दगड जवळजवळ काहीच शोषीत नाहीत. पांढऱ्या-करड्या रंगाचे, मोठ्या दाण्यांचे प्रकार मात्र तेल आणि हळद चटकन पितात. दक्षिणेतून येणाऱ्या ‘काश्मीर व्हाइट’ नावाच्या दगडाची (काश्मीरशी त्याचा काही संबंध नाही) ख्याती देखणेपणाइतकीच शोषकतेबद्दलही आहे.

ग्रॅनाइटच्या चिवटपणाचा दाखला हवा असेल तर श्रवणबेळगोळकडे पाहावे. तेथील भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती इ. स. ९८१च्या सुमारास ग्रॅनाइटच्या अखंड शिळेत घडवली गेली. बारा वर्षांनी येणाऱ्या महामस्तकाभिषेकात तिच्यावर दूध, उसाचा रस, हळद, चंदन, केशर यांच्या धारा पडतात आणि नंतर भरपूर जलाने ती स्वच्छ होते. हे सारे अंगावर सोसून ती ऊनपावसात उभी आहे. घरातील ओट्याला अर्थात असे उघडे आभाळ मिळत नाही. तेथे हळद वाटीखाली रात्रभर ओली राहते. भेद पडतो तो त्याने.

आता सीलरकडे वळता येईल. बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. एक वरच्या वर बसणारा, वार्निशसारखा पातळ पडदा धरणारा. तो चकाकतो, पण गरम पातेल्याने व घासणीने सोलवटतो आणि स्वयंपाकघरात त्याला स्थान असू नये. दुसरा दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरणारा. तो सिलेन, सिलॉक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमर अशा द्रव्यांपासून केलेला असतो. तो छिद्रांच्या भिंतींना असे अस्तर देतो की पाणी व तेल आत सहज शिरत नाही. तो दिसत नाही, पृष्ठभागावर थर म्हणून उरत नाही आणि म्हणूनच लिंबाचा थेंब व संगमरवर यांच्यामध्ये तो उभा राहू शकत नाही. सांगलीच्या त्या दुकानदाराने सीलर लावला यात चूक नव्हती. तो सीलर कशासाठी आहे हे त्याने सांगितले नाही, ही चूक होती. आणि दुसऱ्या थराचे पैसे घेणे ही त्याहून मोठी.

प्रत्येक ओट्याला सीलर लागतोच असे नाही. सकाळी ओटा कोरडा असताना तीन-चार ठिकाणी, विशेषतः सिंकजवळ, शेगडीजवळ आणि पुढच्या कडेला, चमचाभर पाणी ठेवावे. दहा-पंधरा मिनिटांनी ते टिपून पाहावे. खालचा दगड गडद झाला असेल तर तो पितो आहे, सीलर हवा. रंग जराही बदलला नसेल तर सीलर आत जाणारच नाही. वर राहून दुधाळ पापुद्रा धरील आणि नव्या तक्रारीला जन्म देईल. काळ्या ग्रॅनाइटवरचे पुष्कळसे ‘धुके’ हे असे अनावश्यक सीलरचे असते. वर्षाला एकदा सीलर मारलाच पाहिजे, हा विक्रेत्यांचा नियम आहे, दगडाचा नाही. पाण्याचा थेंब सांगेल तेव्हा मारावा.

पुढच्या कडेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. आजकाल मोठ्या लाद्यांच्या पृष्ठभागावर कारखान्यातच इपॉक्सी राळ ओतून बारीक भेगा व छिद्रे भरली जातात. परंतु ओट्याच्या मापाने लादी कापल्यावर जी कड उघडी पडते, सिंक व शेगडीसाठी जो चौकोन कापला जातो, तेथे ही राळ नसते. म्हणून वरचा भाग निर्मळ आणि पुढची गोल कड मात्र तेलकट काळी, असे दृश्य अनेक घरांत दिसते. सीलरचा पहिला हात या कडांना मिळाला पाहिजे. कारागीर घाईत असेल तर नेमके तेच राहते.

सीलर लावणे फार अवघड नाही. त्यासाठी अवकाश मात्र हवा. ओटा सौम्य साबणाने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून, निदान चोवीस तास पूर्ण कोरडा ठेवावा लागतो. ओल्या दगडात सीलर शिरत नाही. मंडळी चार दिवस गावाला वा यात्रेला निघणार असतील तर तो मुहूर्त उत्तम. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी चूल बंद होते त्यांना रात्रीचे वाळणे आयतेच मिळते. डब्यावरील सूचना वाचून आधी कोपऱ्यात लहानसा प्रयोग करावा. मग सुती फडक्याने पातळ, सारखा हात द्यावा, सूचनेत सांगितलेली मिनिटे थांबावे आणि वर उरलेले द्रव्य वाळण्यापूर्वी कोरड्या फडक्याने संपूर्ण टिपून घ्यावे. सारे काम या शेवटच्या पुसण्यावर अवलंबून असते. उरलेले वाळले की तेच धुके बनते. दगड फार पिणारा असेल तर काही वेळाने दुसरा हात. त्यानंतर निदान एक दिवस ओट्यावर पाणी नको, अन्न नको. सीलर द्रावकयुक्त असेल तर गॅसचा मुख्य कॉक बंद करून, खिडक्या उघडूनच काम करावे. त्याची वाफ पेट घेते.

चकाकीसाठी मिळणाऱ्या पॉलिशांविषयी एक गोष्ट या वाचकवर्गाला जाणून घ्यावीशी वाटेल. काही मेणयुक्त पॉलिशांत मधमाशीचे मेण असते. खनिज मेण किंवा कारनौबा या पामच्या पानांपासून मिळणाऱ्या मेणाची पॉलिशेही मिळतात. डब्यावरील घटक वाचले की उलगडा होतो. तसे पाहता, ज्या पृष्ठभागावर पोळी लाटली जाते त्याला मेणाची गरजच काय, हा प्रश्न रास्त आहे.

रोजची निगा थोडक्यात आटोपते. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ फडके आणि शेवटी कोरडे पुसणे. ओला ओटा तसाच सोडणे ही खरी खोड. बोअरचे पाणी असलेल्या गावांत नळाभोवती जो पांढरा, खरबरीत थर चढतो तो या सोडून दिलेल्या पाण्यातील क्षारांचा असतो. तो काढायला लिंबू वा व्हिनेगर वापरण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. स्टीलच्या नळासाठी तो बरा. नळाखालच्या कडप्प्यासाठी वा संगमरवरासाठी घातक, कारण क्षारांचा थर आणि तो दगड यांचे रसायन एकच आहे. जे थराला विरघळवील ते दगडालाही सोडणार नाही. झिलईच्या ग्रॅनाइटवर सपाट धरलेल्या पात्याने हा थर अलगद खरवडता येतो. न्हाणीघरासाठी आणलेले अ‍ॅसिड स्वयंपाकघरात येऊ नये, हे निराळे सांगायला नको होते. पण नव्या घराची बांधकामातील सिमेंटची शिंतडे काढण्यासाठी गवंडी सर्रास तेच ओततो आणि ओटा वापरण्यापूर्वीच म्हातारा होतो. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर विषारी क्लोरिन वायू निघतो, तेव्हा दोन बाटल्यांचे मिश्रण करण्याचा मोह कधीही करू नये. गंज काढणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते ग्रॅनाइटलाही खाते आणि माणसाच्या हाताला त्याहून वाईट.

खरा डाग पडलाच तर तो उलट ओढून काढावा लागतो. घासल्याने तो आणखी आत जातो. यासाठी लेपाची रीत आहे. खडूची पूड, टाल्क किंवा खाण्याचा सोडा यांत योग्य द्रव मिसळून घट्ट लापशी करावी, डागावर अर्धा सेंटीमीटर जाडीने थापावी, वर प्लास्टिक लावून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस तसेच ठेवावे. मग प्लास्टिक काढून लेप आपोआप वाळू द्यावा. वाळताना तो डागाला आपल्याकडे खेचतो. लाकडी उलथन्याने खरवडून धुवावे. एका लेपाने काम होईलच असे नाही. तीन-चार वेळा करण्याची तयारी हवी. द्रव कोणता, हे डागावर ठरते. तेलातुपासाठी अ‍ॅसिटोन, चहा, हळद, फळांचे रस यांसाठी फिक्या दगडावर औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड. गडद दगडावर पेरॉक्साइड टाळावे, तो रंग फिका करू शकतो. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहे आणि सांध्यातील भरणही मऊ करतो, म्हणून बेताने.

हळदीची एक गंमत आहे. पांढऱ्या दगडावरचा पिवळा डाग साबण लावताच कुंकवासारखा लाल होतो आणि गृहिणीचे काळीज लकाकते. हळदीतील रंगद्रव्य अल्कलीत लाल दिसते, इतकेच. पाण्याने धुतले की पुन्हा पिवळे. शिवाय हा रंग उन्हाला टिकत नाही. ज्या ओट्यावर सकाळचे ऊन येते तेथे हळदीचा फिका डाग काही दिवसांत स्वतःच विरतो. म्हणून हळदीसाठी लगेच रसायनांकडे धावण्याऐवजी आठवडाभर वाट पाहिली तर पुष्कळदा काम भागते. लोखंडी तव्याच्या गंजाचा डाग मात्र असा दयाळू नसतो. तो जुना झाला की कारागिराकडेच सोपवावा.

ओट्याचे दुखणे दगडापेक्षा सांध्यात अधिक असते, हे सहसा ध्यानात येत नाही. सांधे पांढऱ्या सिमेंटने भरलेले असतील तर ते वर्ष-दोन वर्षांत झिजतात. त्यांत पीठ, साखर, ओलावा साचतो आणि सूक्ष्म जीवांना, मुंग्यांना घर मिळते. मग एकतर त्यांच्यावर विष टाकायचे किंवा रोज त्यांची वाट अडवायची. त्यापेक्षा सांधा कोरून, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरणे हे एकदाचे काम अधिक अहिंसक आणि अधिक स्वस्तही. सिंकच्या कडेने दगडावर कायमचा काळसर पट्टा दिसू लागला तर तो डाग समजून घासत बसू नये; वरची सिलिकॉनची रेषा फाटून पाणी खालून वर चढत असते. रेषा बदलून दगड काही आठवडे कोरडा राहिला की पट्टा हळूहळू उतरतो.

नवा ओटा करणाऱ्यांनी दुकानातून प्रत्यक्ष त्याच लादीचा तुकडा घरी आणावा. त्यावर लिंबाची फोड, तेलाचा थेंब, हळद रात्रभर ठेवावी. सकाळी तो तुकडा विक्रेत्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे बोलतो. काळ्या लादीवर अ‍ॅसिटोनने ओले केलेले पांढरे फडके घासून पाहावे. फडके काळे झाले तर लादीला रंग चढवलेला आहे. कृत्रिम क्वार्ट्‌झच्या लाद्यांना सीलर लागत नाही हे खरे, पण त्यातील राळेमुळे गरम कढई त्यांना सोसत नाही.

आणि या दगडांची एक बाजू घरात येईपर्यंत दिसत नाही. ग्रॅनाइट व कृत्रिम क्वार्ट्‌झ कोरडे कापताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कृत्रिम क्वार्ट्‌झमध्ये सिलिकाचे प्रमाण फार असल्याने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. खाणी आणि दगडकामाचा प्रदेश असलेल्या राजस्थान सरकारने २०१९ मध्ये या रोगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण केले. सदनिकेच्या गच्चीत बसून तोंडाला नुसता रुमाल बांधून कटर चालवणारा मुलगा प्रत्येक नव्या इमारतीत दिसतो. पात्यावर पाण्याची धार सोडून कापण्याचा आग्रह धरणे आणि चांगला मास्क आणून देणे घरमालकाला सहज शक्य असते. चिखल होतो, तो पुसता येतो.

सांगलीच्या घरात ओटा बदलला नाही. त्या कारागिराने हिऱ्याच्या पॅडने, पाणी घालून, संगमरवराची आरशासारखी झिलई उतरवून त्याला मंद, रेशमी पोत दिला. अशा पोतावर आंबटाची झीज होतेच, पण डोळ्यांत भरत नाही. मात्र झिलई गेलेला दगड अधिक पितो, म्हणून येथे सीलर खरोखरच आवश्यक ठरला, आणि तो सुनेने स्वतः लावला; कारागीर बाजूला उभा राहून, “वाळायच्या आत पुसा, ताई,” एवढेच सांगत होता. सिंकशेजारी काळ्या ग्रॅनाइटचा दोन फुटी तुकडा कायमचा ठेवला गेला. लिंबू, चिंच, कोकम यांचे काम आता त्यावर किंवा परातीत होते.

गेल्या महिन्यात सासूबाईंनी पन्ह्यासाठी कैरी किसली आणि किसणी उचलून चुकून संगमरवरावर ठेवली. दुपारी तिरप्या उजेडात एक फिके वर्तुळ दिसले. सूनबाईंनी ते पाहिले आणि चहाचे आधण ठेवले. सासूबाईंनीही पाहिले, फडके घेतले, एकदा पुसून पाहिले आणि फडके पिळून दांडीवर टाकले.